चांदीचा एकविसावा दिवस

कळमेश्वर तालुक्यात आनंदराव मेश्रामांएवढा मोठा कुटुंबकबिला आजवर कोणाचाच झाला नाही, आणि पुढेही कोणाचा होईल असं वाटत नाही. बत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत त्यांच्या हातून सहा हजार दोनशे अकरा लेकरं जन्माला आली, तीही रजिस्टरला रीतसर नोंद होऊन, खात्याच्या मंजुरीनं. मात्र त्यांच्या निरोपसमारंभाला त्यातलं एकही आलं नाही. दुपारी तीनची वेळ होती, आणि सगळी चरायला गेली होती.

आनंदराव पशुधन पर्यवेक्षक होते. गाय माजावर आली की मालक निरोप द्यायचा, आणि आनंदराव गाडीला थंड डबा बांधून निघायचे. त्या डब्यातल्या नायट्रोजनच्या गार धुरात वळूच्या बीजाच्या बारीक कांड्या बुडालेल्या असत. त्यातली एक काढायची, गायीच्या पोटात नेमक्या जागी सोडायची, हात धुवायचे, चहा प्यायचा. पुढचे नऊ महिने नऊ दिवस गायीनं बघायचं. या कामाला सरकारी भाषेत एक लांबलचक नाव आहे, पण गावात त्यांना 'इंजेक्शनवाले काकाजी' म्हणत, आणि लहान पोरांसमोर तेवढंच पुरे होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी डबा सोडला नाही. स्वतःचा एक छोटा घेतला, महिन्यातून एकदा नागपूरला जाऊन भरून आणायचे. गावात एमआयडीसीच्या बाजूला दोन खोल्यांचं घर होतं. मुलगी मोनाली बंगलोरला. ती दर रविवारी अकरा वाजता व्हिडिओवर यायची आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी जायची, त्यातली चार मिनिटं 'बाबा, कॅमेरा वर करा, पंखा दिसून राहिला' यात जायची. बायको कौसल्या चार वर्षांपूर्वी गेली. ती होती तोवर घरात बोलणं म्हणजे काय ते आनंदरावांना माहीत नव्हतं, कारण सगळं तीच बोलायची. आता ती जागा रिकामी झाली होती आणि ती भरायची सवय आनंदरावांना नव्हती. एमआयडीसीचा भोंगा दिवसातून तीनदा वाजे. त्याला ते मनातल्या मनात 'हो' म्हणत.

गावातली गुरंही कमी झाली होती. पूर्वी सकाळी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या त्या मोकळ्या जागेवर जिथं गुराखी सगळी गुरं गोळा करतो, दोन-अडीचशे जनावरं उभी राहत. धुळीत माणूस दिसत नसे. आता एकोणीस होती. आनंदराव रोज सकाळी फिरायला म्हणून तिथं जात आणि खात्याच्या सवयीनं मोजत. ज्यांच्या घरी म्हशी होत्या ते मोबाईलवरून कोणाला तरी बोलवून घेत. आनंदरावांना बोलावणारं गावात एकच घर उरलं होतं, धर्मेंद्रचं. तेसुद्धा धर्मेंद्रचा बाप रामाजी मरताना सांगून गेला होता म्हणून. "घरच्या गाईले आनंदरावशिवाय कोणाचा हात लागू देजो नोको," असं तो म्हणाला होता. मरताना माणसं काहीही सांगतात, पण याचं ऐकलं गेलं.

धर्मेंद्र खापरखेड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला. सकाळी सहाला निघून संध्याकाळी सातला परत. घरी बायको गोपिका, आणि गोठ्यात चांदी. चांदी गोपिकाच्या माहेरची. उमरेडच्या बाजूला तिच्या आईकडे गवळाऊ जातीची गाय होती, तिची ही कालवड. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आईनं टेम्पोत बसवून पाठवली. पांढरीशुभ्र, लांब तोंडाची, डोळ्यांत कायम कोणी तरी अपमान केल्याचा भाव. पहिलं वासरू तिनं व्यवस्थित दिलं होतं. आता दुसऱ्यांदा गाभण राहायला हवी होती, आणि राहत नव्हती.

दिवाळी झाल्यावर आठवड्यानं धर्मेंद्र सकाळी सकाळी आनंदरावांच्या दारात आला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती.

"काकाजी, आपली चांदी माजावर आली जी."

"केव्हापासून?"

"आजच. सकाळपासून हंबरून राहिली."

आनंदरावांच्या धंद्यात एक नियम आहे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी कांडी सोडायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. फार आधी सोडली तर फुकट, फार उशिरा सोडली तरी फुकट. त्या नियमानं आनंदराव संध्याकाळी पाचला गेले. काम झालं. बादलीत हात धुतले. अंगणात खाट टाकलेली होती, गोपिकानं आतून चहा आणि शेवचिवडा पाठवला, आणि धर्मेंद्र बोलायला बसला.

धर्मेंद्रला ऐकणारा हवा होता आणि आनंदरावांना बोलणारा. बॉयलर कसा तापतो, राख कुठं जाते, त्याचा मुकुंद नावाचा सुपरवायझर हेल्मेटवर देवाचं स्टिकर का लावतो, हे त्यानं सांगितलं. आनंदरावांनी राखेबद्दल तीन प्रश्न विचारले. राखेत त्यांना काडीचा रस नव्हता. ते घरी पोचले तेव्हा सव्वातास झाला होता, आणि कुलूप उघडताना ते चक्क गुणगुणत होते.

एकविसाव्या दिवशी धर्मेंद्र परत दारात.

"उलटली जी काकाजी."

उलटली म्हणजे कांडी फुकट गेली, गाय पुन्हा माजावर आली. आनंदरावांनी चेहरा गंभीर केला. खात्यात असताना यासाठी त्यांचा एक खास चेहरा होता.

"असं होते कधी कधी. केव्हा दिसलं?"

"आजच सकाळी. नेमकी आज बी सुट्टीच होती, बरं झालं."

पुन्हा नियमानं संध्याकाळी पाच. चांदीची शेपटी बाजूला धरताना आनंदरावांचा हात थांबला. माजावरची गाय काचेसारखा स्वच्छ चिकट सोट टाकते. तो शेपटीला लागतो आणि वाळला की पापुद्रा धरतो. इथं शेपटीवर पापुद्रा जाड होता, कडक होता, त्याला गोठ्यातलं कुटार, म्हणजे वाळल्या चाऱ्याचा भुसा, चिकटलेलं होतं. नवा सोट गढूळ झाला होता. बत्तीस वर्षांत त्यांनी इतक्या शेपट्या पाहिल्या होत्या, की काही माणसांना ते चेहऱ्यापेक्षा त्यांच्या गायीवरून ओळखत. हे आज सकाळचं नव्हतं. हे काल सकाळचं होतं. म्हणजे आपण चोवीस तास उशिरानं आलेलो आहोत आणि मागच्या वेळीही आलो असणार. सरकारी कामासारखं सगळं झालं होतं, नियम बरोबर, तारीख चुकीची.

आणि चूक कुठं झाली, हेही त्यांना तिथंच उभ्या उभ्या समजलं. चांदी माजावर आली हे पाहणारी गोपिका. दिवसभर घरी तीच. पण गाय माजावर आली हे सुनेनं गावातल्या मोठ्या माणसाला कसं सांगायचं? गोपिका तशी बोलकी होती, किराणावाल्याशी भांडायची, ग्रामपंचायतीत नळासाठी अर्ज घेऊन गेली होती. पण ही गोष्ट पुरुषामार्फत सांगायची असते. मग नवरा संध्याकाळी सातला येणार, जेवणार, जेवताना ती सांगणार, आणि तो सुट्टीच्या सकाळी आनंदरावांच्या दारात येऊन 'आजच' म्हणणार. त्याचंही खोटं नव्हतं. हंबरणं त्याच्या स्वतःच्या कानांवर आजच पडलं होतं.

ताठ उभं राहून एवढंच म्हणायचं होतं: उशीर झाला, आज नको, पुढच्या वेळी लवकर कळवा.

आनंदरावांनी कांडी काढली आणि सोडली. हात धुतले. खाट टाकलेली होती. त्या दिवशी धर्मेंद्रनं कोळशाच्या ओल्या गाडीची गोष्ट सांगितली आणि गोपिकानं चहासोबत भजी पाठवली.

उठताना धर्मेंद्र म्हणाला, "काकाजी, एक बोलू? यावेळी बी उलटली, तं अजून एक डाव पायतो. मंग नाही. भाकड गाय कोण सांभाळन? कुटार किती महाग झालं. गोशाळेवाल्याले बोलून ठेवलं मी, ते गाडी पाठवून राहिले."

"गोपिकाले सांगतलं?"

"सांगतलं न. दोन दिवस बोलली नाही मायाशी. आता भांडे आपटून बोलते."

घरी येऊन आनंदरावांनी कुलूप उघडलं. त्या दिवशी गुणगुणले नाहीत.

पुढचे दिवस त्यांनी फारच काटेकोरपणे काढले. सकाळी आखर, एकोणीस जनावरं, त्यात चांदी. परत येऊन बुद्धवंदना, पेपर, पेपरातल्या निधनवार्ता, वरण-भात. दुपारी पेपर पुन्हा, कारण दुपारी निधनवार्तांमधली माणसं ओळखीची वाटू लागत. आणि या सगळ्याच्या मध्ये मध्ये ते एक गणित करत. आपण तोंड उघडलं तर चांदीला कांडी वेळेवर मिळेल, ती गाभण राहील, आणि दर एकवीस दिवसांनी होणारं ते बोलावणं बंद. तोंड नाही उघडलं तर चांदी गोशाळेत, आणि बोलावणं बंद. दोन्हीकडून उत्तर एकच येत होतं. शहाण्या माणसाला यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. आनंदरावांनी अकरा दिवस विचार केला.

बाराव्या दिवशी सकाळी आखरावर चांदी त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. काही मागायला नव्हे, तिला त्यांच्या मागच्या बाभळीला मान घासायची होती आणि ते मध्ये उभे होते. ते बाजूला झाले. तिनं मान घासली, त्यांच्याकडे नेहमीच्या अपमानित नजरेनं पाहिलं आणि निघून गेली. आनंदरावांना अतिशय ओशाळं वाटलं. बत्तीस वर्षांत मुद्दाम फुकट घालवलेली ती एकच कांडी होती, आणि ती त्यांनी दोन भजी आणि कोळशाच्या गाडीसाठी घालवली होती.

त्याच संध्याकाळी, गुरं परतल्यावर पण धर्मेंद्र ड्युटीवरून यायच्या आत, ते त्याच्या घरी गेले. फाटकापाशी खाकरले. गोपिका गोठ्यात शेण भरत होती. तिनं हात झटकून डोक्यावर पदर घेतला.

"ते घरी नाहीत जी."

"माहीत आहे," आनंदराव म्हणाले. साठी ओलांडलेल्या माणसानं दुसऱ्याच्या सुनेला विचारायचं तरी कसं, की बाई, तुमची गाय नेमकी कधी? खात्याच्या प्रशिक्षणात यावर धडा नव्हता.

ते गोठ्याच्या कठड्यापाशी गेले आणि चांदीकडे बघू लागले. चांदी कुटार खात होती. शेवटी ते तिलाच म्हणाले,

"काय वं चांदी. मागच्या वेळी तू कोणत्या दिवशी हंबरत होतीस? ज्या दिवशी धर्मेंद्र माया घरी आला त्या दिवशी, का त्याच्या आदल्या दिवशी?"

गोपिकानं टोपली खाली ठेवली. तिनं पदर आणखी दोन बोटं पुढं ओढला, चांदीच्या पाठीवर हात ठेवला आणि तीही चांदीलाच म्हणाली,

"सांग न वं. आदल्या दिवशी. सकाळी सहा वाजतापासून. दावं तोडून राहिली होती, दूध बी दिलं नाही."

"आणि त्याच्या आधीच्या वेळी, चांदी?"

"त्या डावाले बी आदल्याच दिवशी. मालक रात पडता घरी आले, जेवल्यावर त्यायले सांगतलं." ती थांबली. "चांदी, विचार त्यायले, काही चुकलं का म्हणून."

"चुकलं चांदी," आनंदराव म्हणाले. "सकाळी दिसलं की त्याच संध्याकाळी कराव लागते. दुसऱ्या दिवशी काही उपयोग नाही. गाईच्या पोटातलं बीज तुया मालकाच्या सुट्टीची वाट पाहत बसत नाही."

चांदीनं शेपूट उडवलं. गोपिका बराच वेळ तिच्या पाठीवरची गोचीड शोधत राहिली. गोचीड नव्हती.

"म्हंजे मायाच चुकीनं झालं," ती हळू म्हणाली. हे चांदीला म्हणाली की स्वतःला, ते कळायला मार्ग नव्हता. "मायनं दिलेली गाय. मी बोलली असती तं..."

"नाही वं चांदी," आनंदराव घाईनं म्हणाले. "पहिल्या डावाले कोणाचीच चूक नाही. दुसऱ्या डावाले मायी होती. तुई शेपटी पाहून मले समजलं होतं उशीर झाला म्हणून. मी बोललो नाही."

गोपिकाचा हात थांबला. पदराआडून पहिल्यांदाच तिनं थेट त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग लगेच गायीकडे.

"चांदी, विचार त्यायले. काहून नाही बोलले?"

हा प्रश्न आनंदराव स्वतःला अकरा दिवस विचारत होते, आणि त्यांच्याजवळ त्याची तीन-चार भारदस्त उत्तरं तयार होती. जोखीम घेऊन पाहिली, कधी कधी उशिरानंही लागतं, शास्त्रात तशी उदाहरणं आहेत. त्यातलं एकही त्या गायीच्या तोंडावर बोलवेना.

"चहा चांगला होता," ते म्हणाले.

एमआयडीसीचा संध्याकाळचा भोंगा वाजला, आणि पुरता वाजून होईपर्यंत तिघंही तसेच उभे राहिले.

मग आनंदरावांनी खिशातून कागद काढला, त्यावर आपला नंबर लिहिला, कठड्यावर ठेवला आणि वर एक खडा ठेवला. "चांदी," ते म्हणाले, "ज्या सकाळी तू हंबरशील, त्या सकाळी या नंबरावर एक मिस कॉल दे. बोलायचं काही काम नाही. एक घंटी वाजली की कट. मी समजून जाईन. संध्याकाळी पाच वाजता येईन."

"ते घरी नसतील तरी?" गोपिकानं चांदीच्या कानात विचारलं.

"नसले तरी. फक्त तुले धरणारं कोणी पाहिजे."

"मी धरीन," गोपिका म्हणाली. हे तिनं चांदीला सांगितलं नाही.

डिसेंबरातल्या एका कडक थंडीच्या सकाळी, सात वाजायच्या आत, फोन एकदा वाजला आणि बंद झाला. आनंदराव अंघोळीला पाणी तापवत होते. एखाद्याला पोरगी पाहायला जायचं असतं तसे ते दिवसभर तयार होत राहिले. डबा तपासला, पुन्हा तपासला. दाढी केली. पाचला पंधरा मिनिटं असताना निघाले आणि फाटकापाशी पाच वाजेपर्यंत थांबून राहिले, कारण पाच सांगितले होते.

गोपिकानं चांदीला खुंट्याला आखूड बांधलं होतं, स्वतः मानेपाशी उभी होती. शेपटी ओली, स्वच्छ. सोट काचेसारखा. आनंदरावांनी कांडी काढली, कोमट पाण्यात धरली, बोटांनी घड्याळाशिवाय सेकंद मोजले. काम दीड मिनिटात झालं. चांदीनं एकदा मोठ्यानं निःश्वास टाकला, जणू एवढ्यासाठी दीड महिना लावला.

हात धुवून ते वळले तर गोपिका आत गेली होती. खाट टाकलेली नव्हती, घरी पुरुषमाणूस नव्हता, त्यामुळे टाकायचा प्रश्न नव्हता. पण गोठ्याच्या कठड्यावर, त्या दिवशी खडा ठेवला होता तिथं, चहाचा पेला बशीनं झाकून ठेवलेला होता.

आनंदरावांनी तो उभ्या उभ्या घेतला. चहा तोच होता, आलं घातलेला, साखर जरा जास्तच. ते पेला हातात धरून चांदीकडे बघत राहिले आणि चांदी कुटाराकडे. राख कुठं जाते, ते त्या दिवशी कोणी सांगितलं नाही. अर्धा पेला झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की चहासाठी म्हणून आपण जे गायीजवळ कबूल केलं, तेही खरं नव्हतं. पेला रिकामा करून त्यांनी तो बादलीत विसळला, बशीवर पालथा घातला आणि घरी गेले. सगळं मिळून सात मिनिटं लागली.

त्यानंतर एकवीस दिवस मोजायचे होते. हे दिवस मोजायला सगळ्यात वाईट, कारण चांगली बातमी आली तर ती येणारच नव्हती. फोन वाजला नाही, तर जिंकलो. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना असा फोन मिळाला होता, जो न वाजण्यासाठी जवळ बाळगायचा होता. आणि न वाजण्यात त्याचा हात धरणारा दुसरा फोन अख्ख्या तालुक्यात नव्हता.

विसाव्या दिवशी त्यांनी तो पूर्ण चार्ज केला. एकविसाव्या दिवशी पहाटे उठून उशापासून स्वयंपाकघरात नेला, तिथून अंगणात, तिथून संडासच्या कट्ट्यावर. नेमका रविवार. अकराला मोनाली.

"बाबा, कसे आहात? कॅमेरा वर..."

"बरा आहे. ठेव."

"अहो, काय झालं? आत्ताच तर लावला!"

"लाइन मोकळी पाहिजे मले. एका फोनची वाट पाहून राहिलो."

"कोणाचा?" मोनालीच्या आवाजात एकदम उत्सुकता आली. चार वर्षांत बाबांनी पहिल्यांदा कोणाची तरी वाट पाहिली होती. "कोणी बाई आहे का बाबा? असली तर सांगा, मला चालेल."

आनंदरावांनी खरं तेच सांगितलं. "चांदी. पण तिनं फोन नाही केला पाहिजे, म्हणून वाट पाहून राहिलो."

"बाबा, मी पुढच्या महिन्यात येऊन जाते," असं म्हणून मोनालीनं फोन ठेवला.

दुपारी एक फोन आला. आनंदरावांनी एक घंटी होऊ दिली, दुसरीही झाली, मग उचलला. जामठ्याच्या पुढं प्लॉट विकणारी मुलगी होती. एरवी ते अशा मुलींशी बराच वेळ बोलत. कोणत्या गावची, घरी जनावरं आहेत का, असं विचारत. त्या मुलीही बिचाऱ्या उत्तरं देत, कारण त्यांचं कोणी ऐकून घेत नसे. आज त्यांनी तिला "नंतर कर, पोरी" एवढंच म्हटलं. तिनं नंतर केला नाही.

संध्याकाळ झाली. पाच वाजून गेले. फोन वाजला नाही.

चांदी उलटली नव्हती. आनंदराव अंगणातल्या खुर्चीत बसून होते. आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. उठून कोणाला तरी सांगावं असंही वाटलं. पण सांगायचं कोणाला, आणि काय? की आज मला कोणी फोन केला नाही? ही काही बातमी नव्हती. असं रोजच होत असे.

दुसऱ्या एकविसाव्या दिवशीही फोन वाजला नाही. मधल्या काळात मोनाली येऊन गेली. चार दिवस राहिली, बाबांना नीट न्याहाळलं, चांदी ही खरोखरच गाय असल्याची आखरावर जाऊन खात्री करून घेतली आणि थोडी निराश होऊन परत गेली.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, तीन महिने भरल्यावर, धर्मेंद्र दारात आला. "काकाजी, एकदा हात घालून पक्कं पाहून देता का? गोशाळेवाला विचारून राहिला, गाडी पाठवू का नको."

ऊन चढायला लागलं होतं. धर्मेंद्रच्या अंगणात कूलर बाहेर काढून ठेवला होता आणि जुनी खस कुंपणावर पडली होती. आनंदरावांनी शर्टाची बाही वर केली, पिशवीतून खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा हातमोजा काढून चढवला, त्यावर साबण लावला आणि चांदीच्या मागं उभे राहिले. गोपिका मानेपाशी, धर्मेंद्र बाजूला. चांदीनं तोंड वळवून पाहिलं आणि पुन्हा फिरवलं.

आनंदरावांनी डोळे मिटले. बोटांना वेळ दिला. आत, हाडाच्या कठड्याच्या खाली, पाण्यानं भरलेला एक जड, मऊ फुगवटा होता, आणि त्यावर बोट टेकवल्यावर आत काही तरी सावकाश हललं, बोटाला लागून परत गेलं. त्यांनी हात लगेच काढला नाही. बत्तीस वर्षांत हजारदा हे त्यांनी पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी नोंद करायची घाई असायची. आज नोंद करायची नव्हती.

"काय जी?" धर्मेंद्र म्हणाला. "बोला न."

"गाभण आहे," आनंदराव म्हणाले. "तीन महिन्यांची. गाडी नको म्हणून सांग."

धर्मेंद्रनं चांदीच्या पाठीवर जोरात थाप मारली, चांदीनं त्याला लाथ मारायचा प्रयत्न केला, आणि तो हसत सुटला. "वा काकाजी! मी म्हणतच होतो, माया बाप खोटं नाही बोलला. आता तुमची सुट्टी! आता डायरेक्ट दसऱ्याच्या टायमाले, वासरू पाहाले याचं!" आणि खिशातला मोबाईल काढून, उमरेडला सासूला सांगायला, रेंज शोधत तो फाटकाबाहेर गेला. त्याचं ओरडणं रस्त्यावरून ऐकू येत राहिलं.

डायरेक्ट दसऱ्याला. आनंदरावांनी मनात महिने मोजले. एप्रिल, मे, जून. मग मोजणं सोडून दिलं आणि पाण्याच्या बादलीकडे गेले. हातमोजा खांद्यापासून उलटा सोलून काढू लागले.

"काकाजी."

ते वळले. गोपिका चांदीपाशी नव्हती. ती त्यांच्यासमोर, चार हातांवर येऊन उभी होती. डोक्यावरचा पदर कधीतरी खांद्यावर आला होता आणि तिनं तो परत घेतला नव्हता. डोळे ओले होते. ती गायीकडे बघत नव्हती.

"एक बोलू का जी? तुमाले?"

चार वर्षांत आनंदरावांना इतक्या सरळ कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांना वाटलं, ही आता वासराचं नाव ठेवायला सांगेल. किंवा म्हणेल, दसऱ्यापर्यंत कशाला थांबता, येत जा मधून मधून. किंवा झाल्या गोष्टीबद्दल माफ केलं म्हणेल. यातलं काहीही असतं तरी त्यांना चालणार होतं.

"बोल न पोरी."

गोपिकानं त्यांच्या हातातल्या ओल्या हातमोज्याकडे बोट दाखवलं.

"असा लांबवाला एखादा आणखीन असन तं देऊन जा न जी. कूलरच्या टाकीत कोपऱ्यापर्यंत हात नाही पुरत. नवा असला तं बरं."